स्क्रूजची संपत्ती आली कोठून?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अंदाजपत्रक, महागाई किंवा शेतमालाचे भाव यांपैकी काहीतरी असावी. ‘एका भुताच्या गोष्टीवरचे पाच चित्रपट’ असा विषय मी सांगितला आणि ते क्षणभर गप्पच झाले. त्यांनी तो मान्य केला याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. मी अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेला माणूस आहे. चित्रपटकलेतले मला फार कळते असा माझा दावा नाही. कॅमेरा कोठे ठेवला, प्रकाश कसा टाकला, यांविषयी मी बोलणार नाही. या चित्रपटांना मला एकच प्रश्न विचारायचा आहे आणि तो हिशेबनीसाचा प्रश्न आहे: गोष्टीतल्या श्रीमंत माणसाचा पैसा आला कोठून?

गोष्ट आहे चार्ल्स डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरोल’. ती १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती खपल्या. एबनेझर स्क्रूज हा एक कंजूष, एकलकोंडा व्यापारी आहे. बॉब क्रॅचिट हा त्याचा कारकून आठवड्याला पंधरा शिलिंगांवर राबतो. बॉबचा धाकटा मुलगा टिम पायाने अधू आहे आणि उपचारांवाचून खंगत चालला आहे. नाताळच्या आदल्या रात्री स्क्रूजच्या दिवंगत भागीदाराचे, जेकब मार्लेचे, भूत त्याला भेटते आणि पाठोपाठ तीन आत्मे येतात. ते त्याला त्याचा भूतकाळ, वर्तमान आणि बेवारशासारखे मरण असलेला भविष्यकाळ दाखवतात. सकाळी स्क्रूज पालटलेला असतो. तो कारकुनाचा पगार वाढवतो, धर्मादायाला पैसे देतो, टिमला दुसऱ्या बापासारखा होतो.

एवढेच सांगितले तर ही बाळबोध बोधकथा वाटेल. परंतु तिचा जन्म कशातून झाला हे पाहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. त्याचे सूत्र असे होते की, मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, म्हणजे कोणी सुखासुखी मदत मागणार नाही. त्यासाठी वर्कहाऊसे बांधली. तेथे दाखल होणाऱ्या कुटुंबात नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे अशी ताटातूट होत असे. १८४३ च्या आरंभी बालकामगारांविषयीच्या सरकारी आयोगाचा दुसरा अहवाल आला. तो वाचून डिकन्स हादरला. गरिबांच्या मुलांसाठी इंग्लंडच्या जनतेला आवाहन करणारी एक पुस्तिका लिहावी असे त्याने ठरवले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात तो लंडनमधल्या फील्ड लेनच्या फुकट शाळेत गेला आणि फाटक्या कपड्यांतली, चोरीवर जगणारी मुले त्याने जवळून पाहिली. ऑक्टोबरात मँचेस्टरला त्याचे भाषण झाले. त्यानंतर पुस्तिकेच्या जागी ही गोष्ट आली आणि ती त्याने सहाएक आठवड्यांत लिहून काढली. बारा वर्षांचा असताना वडील कर्जापायी तुरुंगात आणि आपण बुटांच्या काळ्या रंगाच्या कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवीत आहोत, हा अनुभव त्याने स्वतः घेतला होता.

गोष्टीत दोन जागा अशा आहेत की, त्यांत या पुस्तिकेचा सगळा जाळ उतरला आहे. पहिली जागा आरंभीची. गरिबांसाठी वर्गणी मागायला दोन गृहस्थ येतात. स्क्रूज त्यांना विचारतो की, तुरुंग बंद झाले काय? वर्कहाऊसे बंद झाली काय? तेथे जाण्यापेक्षा पुष्कळजण मरण पत्करतील असे ते म्हणतात, तेव्हा तो उत्तरतो की, मग त्यांनी मरावे आणि अतिरिक्त लोकसंख्या कमी करावी. हा उद्‍गार एका कंजुषाच्या तोंडचा असला तरी तो माल्थसचा सिद्धान्त आहे. माल्थसने १७९८ साली लोकसंख्येवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. १८०३ च्या आवृत्तीत त्याने लिहिले की, ज्याच्या श्रमाची समाजाला गरज नाही, त्याला अन्नाच्या कणावरही हक्क नाही. निसर्गाच्या पंगतीत त्याचे पान मांडलेले नाही. हा मजकूर पुढच्या आवृत्त्यांतून त्याने काढला, पण विचार रुजायचा तो रुजला. हाच माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता, म्हणजे आपल्यावर राज्य करायला येणारे अधिकारी त्याच्या हाताखाली शिकत होते. डिकन्सने वर्तमानकाळाचा आत्मा अन्नाच्या ढिगाऱ्यावर बसवलेला आहे. पंगतीत पान नाही म्हणणाऱ्याला दिलेले ते उत्तर आहे, असे मी मानतो.

दुसरी जागा मधली. हाच आत्मा आपल्या झग्याखालून दोन मुले बाहेर काढतो. ती हाडकुळी, पिवळी पडलेली, लांडग्यासारखी बघणारी मुले आहेत. मुलाचे नाव अज्ञान आणि मुलीचे नाव अभाव. ही माणसाची मुले आहेत, असे आत्मा सांगतो. यांना काही आसरा नाही काय, असे स्क्रूज विचारतो, तेव्हा त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकले जातात: तुरुंग नाहीत काय? वर्कहाऊसे नाहीत काय?

आता एक उणीव. स्क्रूजचा धंदा नेमका काय, हे डिकन्स स्पष्ट सांगत नाही. त्याचे नाव बाजारात चालते, कोणीतरी त्याचे कर्जदार आहेत, पेढी आणि वखार आहे, एवढेच कळते. कंजूषपणा हा खर्चाचा दोष आहे. मिळकतीविषयी त्यावरून काहीच समजत नाही. एखादा माणूस थंडीत कोळसा वाचवून गडगंज होत नाही. पुस्तकात मोकळी राहिलेली ही जागा प्रत्येक चित्रपटकर्त्याला भरावी तरी लागते किंवा झाकावी तरी लागते. या कथेवरचा पहिला ज्ञात चित्रपट १९०१ चा, अवघ्या काही मिनिटांचा मूकपट आहे. तेव्हापासून किती झाले याची गणती करणे कठीण. मी पाच निवडले आहेत, कारण या पाचांनी माझ्या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

पहिला १९३८ चा, हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयरचा. दिग्दर्शक एडविन मॅरिन. स्क्रूज झाला होता रेजिनाल्ड ओवेन. हा चित्रपट प्रसन्न आहे, नीटनेटका आहे आणि तोच त्याचा दोष आहे. अज्ञान आणि अभाव ही दोन्ही मुले त्यातून गाळली आहेत. पैशापायी स्क्रूजने गमावलेली वाग्दत्त वधू गाळली आहे. मेलेल्या स्क्रूजच्या वस्तू विकायला आणणाऱ्या चोरट्यांचा प्रसंगही गाळला आहे. घरातल्या सर्वांनी मिळून बघावा असा सण तेवढा उरला. पैसा आला कोठून, हा प्रश्न येथे उद्‍भवतच नाही. क्रॅचिटचे काम करणारा नट तर चांगला गुबगुबीत आहे.

मात्र या चित्रपटात एक गोष्ट पुस्तकाबाहेरची आली आहे. मुलांबरोबर बर्फाचे गोळे फेकताना बॉबचा एक गोळा चुकून स्क्रूजच्या टोपीवर बसतो आणि स्क्रूज त्याला ऐन सणाच्या आदल्या दिवशी नोकरीवरून काढतो. १९३८ ची अमेरिका डोळ्यांसमोर आणा. मंदीने पुन्हा उचल खाल्ली होती. काम करू शकणाऱ्या दर पाचांपैकी जवळजवळ एकजण बेकार होता. तेव्हा पुढच्या दाराने हाकललेला अभाव मागच्या दाराने आत आला, असे म्हणावे लागते. फक्त येथे बेकारीचे कारण बाजार नाही. बर्फाचा एक गोळा आणि मालकाचा चिडका स्वभाव हे आहे. स्वभाव सुधारला की नोकरी परत मिळते. मंदीत ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांना हे सांत्वन किती पुरले असेल कोण जाणे.

दुसरा १९५१ चा ब्रिटिश चित्रपट. दिग्दर्शक ब्रायन डेस्मंड हर्स्ट, पटकथा नोएल लँग्लीची आणि स्क्रूजच्या भूमिकेत अॅलिस्टर सिम. अनेक जाणकार याला सर्वोत्तम मानतात. अभिनयापुरते माझेही मत तेच आहे. परंतु मला त्याचे मोल वेगळ्या कारणासाठी वाटते. लँग्लीने स्क्रूजच्या तरुणपणात पुस्तकात नसलेले एक प्रकरण घातले. स्क्रूजचा पहिला मालक फेझिविग हा जुन्या वळणाचा, नोकरांना जीव लावणारा व्यापारी आहे. जॉर्किन नावाचा नव्या युगाचा धंदेवाला तरुण स्क्रूजला जास्त पगाराचे आमिष दाखवून पळवतो. तेथे त्याला मार्ले भेटतो. पुढे हीच मंडळी फेझिविगचा धंदा गिळतात. मग जॉर्किनची अफरातफर उघडकीला येते. कंपनी बुडाली तर अब्रू जाईल म्हणून संचालक थरथरत असताना स्क्रूज आणि मार्ले शांतपणे सांगतात की, तूट आम्ही भरून देतो. मात्र ५१ टक्के भागभांडवल आमच्या नावावर झाले पाहिजे.

साथींनो, पाठ्यपुस्तकातल्या एका प्रकरणाचा ऐवज या काही मिनिटांत आला आहे. जुन्या व्यापारी घराण्याची मोडतोड, संयुक्त भांडवलाच्या कंपनीचा उदय, दुसऱ्याच्या संकटातून मिळवलेला ताबा, सगळे यात आहे. स्क्रूज जन्मतः दुष्ट नव्हता. जग कठोर होत चालले आहे, आपणही कठोर झालो नाही तर टिकणार नाही, असे त्याला वाटू लागले. स्पर्धा माणसाचा स्वभाव कसा घडवते, हे येथे दिसते. दोन्ही मुलेही या चित्रपटात हजर आहेत.

तिसरा १९७० चा संगीतमय चित्रपट. दिग्दर्शक रोनाल्ड नीम, गीते आणि पटकथा लेस्ली ब्रिकस यांची, स्क्रूज झाला अल्बर्ट फिनी. येथे स्क्रूज उघडउघड सावकार आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो वही घेऊन वसुलीला निघतो. भविष्यकाळ पाहताना त्याला दिसते की, भर रस्त्यात लोक आनंदाने नाचताहेत आणि त्याचे आभार मानणारे गाणे म्हणताहेत. आपण काहीतरी मोठे सत्कृत्य केले असावे अशी त्याची समजूत होते आणि तोही त्यांच्यात मिसळतो. मागे त्याचीच शवपेटी आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. सावकार मेला, कर्ज मिटले, म्हणून हे आभार आहेत. शेवटी जिवंत स्क्रूज सर्वांची कर्जे माफ करतो, तेव्हा तेच गाणे पुन्हा म्हटले जाते.

तेच गाणे दोनदा का, याचा विचार करा. कर्जदाराच्या दृष्टीने सावकाराचे मरण आणि सावकाराची दया यांचा परिणाम एकच आहे. चित्रपटकर्त्याच्या मनात हे होते की नाही हे मला सांगता येणार नाही, पण पडद्यावर ते आहे. आणि या दोहोंवाचून तिसरी वाट नाही, असेही तो चित्रपट नकळत सांगून जातो. ती वाट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे ताब्यात घेऊन जाळली आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सावकाराला रात्री स्वप्न पडेल याची त्यांनी वाट पाहिली नाही. दंगे दडपले गेले, परंतु १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यामुळे रोख्यावरच्या आकड्यावर विसंबून न राहता मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. तो कायदा अपुरा ठरला हे खरे. तरीही दया आणि कायदा यांतला फरक समजावा एवढे त्यात आहे.

चौथा १९८४ चा, क्लाइव्ह डोनर यांचा. हेच डोनर १९५१ च्या चित्रपटाचे संकलक होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्क्रूज झाला होता अमेरिकन नट जॉर्ज सी. स्कॉट. चित्रण इंग्लंडातल्या श्रूजबरी गावी झाले. स्कॉटचा स्क्रूज खाकरत, कण्हत हिंडणारा म्हातारा नाही. तो धडधाकट, हजरजबाबी, स्वतःच्या विनोदावर खुदखुदणारा यशस्वी व्यावसायिक आहे. आपण सगळ्यांनी असा माणूस पाहिला आहे; अनेकदा तो आपल्या सभांचा पाहुणाही असतो.

या चित्रपटात स्क्रूज धान्याचा व्यापारी आहे. बाजारात गिऱ्हाइके त्याच्याकडून धान्य मागतात, भाव जड आहे, गरिबाची भाकरी महाग होईल अशी कुरकूर करतात. तो बधत नाही. उलट, उशीर केलात तर भाव आणखी पाच टक्क्यांनी चढेल, असे बजावतो. ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळी परदेशी धान्यावर जकात बसवणारे कायदे इंग्लंडमध्ये जारी होते. ते १८४६ साली रद्द झाले. म्हणजे साठेबाजाच्या पाठीशी सरकार उभे होते. आणि या गोष्टीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९४३ साली, बंगालमध्ये काय घडले ते आपण जाणतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, सुमारे तीस लाख माणसे मेली ती बंगालमध्ये धान्य उरले नव्हते म्हणून नव्हे. मजुराची मजुरी आणि तांदळाचा भाव यांची फारकत झाली म्हणून. माणसे अतिरिक्त नसतात. त्यांचा अन्नावरचा हक्क तोडला जातो, आणि मग ती अतिरिक्त दिसू लागतात.

याच चित्रपटात डोनर यांनी पुलाखाली राहणारे एक बेघर कुटुंब दाखवले आहे. बाप कष्टाळू आहे, पण त्याला काम मिळत नाही; वर्कहाऊसमध्ये गेलो तर ताटातूट होईल म्हणून ते तेथे जात नाहीत. त्यांना पाहून स्क्रूज म्हणतो की, यांच्यासाठी संस्था आहेत. त्या संस्था तू कधी पाहिल्यास काय, असे आत्मा विचारतो. पाहिल्या नाहीत, पण त्यांच्यासाठी मी कर भरतो, असे स्क्रूजचे उत्तर आहे. आपल्या मध्यमवर्गाच्या तोंडी हे उत्तर किती सहजपणे बसते! साठेबाजीचा बाजार आणि पुलाखालचे कुटुंब ही दोन चित्रे एकाच चित्रपटात ठेवल्यामुळे माझ्या प्रश्नाला सर्वांत स्पष्ट उत्तर मिळते. स्क्रूजच्या तिजोरीत जो पैसा आला, तो कोणाच्या तरी ताटातून आला.

पाचवा १९९२ चा, मुलांसाठी केलेला, ब्रायन हेन्सन दिग्दर्शित बाहुल्यांचा चित्रपट. यात बॉब क्रॅचिट हा एक बेडूक आहे आणि हिशेब लिहिणारे कारकून उंदीर आहेत. मायकेल केन मात्र स्क्रूजचे काम अत्यंत गंभीरपणे करतो. नाताळच्या तोंडावर पेढीत काम चालू आहे ते कर्जदारांना घरातून बाहेर काढण्याच्या नोटिसांचे. उंदीर थंडीने कुडकुडत एक फावडेभर कोळसा मागतात. एकाएकी बेकार झालात तर कसे वाटेल, असे मालक विचारतो आणि त्याच क्षणी सगळ्या उंदरांना उकाडा होऊ लागतो. मी खूप हसलो. मग लक्षात आले की, या पाच चित्रपटांत कामगार एकत्र येऊन काहीतरी मागताना मला येथेच दिसले, आणि तेही उंदीर आहेत. सुट्टी मिळवताना बेडूक न्यायाचे नावही काढत नाही. बाकीचे बाजार बंद असताना पेढी उघडली तर कोळसा फुकट जाईल, असे मालकाच्या हिताचे गणित मांडतो. वाटाघाटी केलेल्या आपल्या साथींना हे तंत्र ओळखीचे वाटेल. अज्ञान आणि अभाव ही मुले मात्र या मुलांच्या चित्रपटातून वगळली आहेत. मुलांना भुते चालतात, भुकेली मुले चालत नाहीत, असे मोठ्यांना वाटते.

येथवर मी उत्पन्नाची बाजू पाहिली. आता खर्चाची बाजू. १८४४ साली ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ या नियतकालिकातील एका टीकाकाराने डिकन्सला कोंडीत पकडणारा प्रश्न केला होता. क्रॅचिटच्या घरी टर्की पक्ष्याची मेजवानी झाली, तर दुसऱ्या कोणाला तरी तिच्यावाचून राहावे लागले असेल. तो कोण, हे लेखक का सांगत नाही? वरकरणी हे बिनतोड वाटते. पण त्यात असे गृहीत धरले आहे की, समाजातले अन्न ठरावीकच असते आणि मजुरीसाठीचा पैसाही ठरावीकच असतो. खर्च वाढला की मागणी वाढते आणि मागणी वाढली की रिकामे हात कामाला लागतात, हे केन्सने १९३६ साली सिद्धान्त म्हणून मांडले. डिकन्सला ते अंतःप्रेरणेने उमगले होते. त्या टीकाकाराने विचारायचा तो प्रश्न विचारलाच नाही. स्क्रूज एका कारकुनाचा पगार वाढवील. ज्या कारकुनांच्या मालकांना भुते भेटली नाहीत, त्यांचे काय? आणखी एक हिशेब सांगतो. या पुस्तकाची किंमत पाच शिलिंग होती, म्हणजे बॉब क्रॅचिटच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. बॉबची गोष्ट बॉबला परवडणारी नव्हती. ती स्क्रूजसारख्यांनी वाचावी म्हणूनच लिहिली होती.

पाचही चित्रपट शेवटी हृदयपरिवर्तनापाशी येऊन थांबतात. पैशाचा उगम ज्यांनी स्पष्ट दाखवला, तेही तेथेच थांबतात. आपल्या चळवळीला हा वाद नवा नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला विनोबांना पहिले भूदान मिळाले. १९५४ साली जयप्रकाशांनी त्या कार्याला जीवनदान दिले. जमीन कसणाऱ्याला ती कायद्याने मिळाली पाहिजे, असे म्हणणारे साथी तेव्हाही होते. दान मिळालेल्या जमिनीतली पुष्कळशी नापीक निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही. तेवढ्यावरून हृदयपरिवर्तन हा भाबडेपणा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मीही अनेक वर्षे तसेच म्हणत असे.

परंतु १९५१ च्या चित्रपटाचा प्रेक्षक आठवा. त्याच्या देशात मजूर पक्षाच्या सरकारने ५ जुलै १९४८ रोजी सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली होती आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने गरिबांविषयीचा जुना कायदा संपवला होता. टिमच्या पायावर उपचार होण्यासाठी स्क्रूजला स्वप्न पडण्याची आता गरज उरली नव्हती. दानाचे हक्कात रूपांतर झाले होते. आणि त्याच १९५१ च्या एप्रिलमध्ये, शस्त्रसज्जतेचा खर्च भागवण्यासाठी, चष्म्यांवर आणि दातांच्या कवळ्यांवर आकार बसवायचे त्याच सरकारने ठरवले. आरोग्यसेवेचा शिल्पकार अन्यूरिन बेव्हन याने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. म्हणजे कायदा केला की काम संपत नाही. त्याची राखण करणाऱ्यांची मने थिजली की, कायदा अक्षरशः दातादातांनी कुरतडला जातो. हृदयाने सुरुवात होते, कायद्याने ते पक्के होते आणि तो टिकवायला पुन्हा हृदयच लागते. ही चित्रपटांची गोष्ट अर्धी असली तरी खोटी नाही.

शेवटी एक वैयक्तिक गोष्ट. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. निवृत्तीपूर्वी काही वर्षे मी विभागप्रमुख होतो. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण होता. विद्यार्थी कमी झाले, कार्यभार बसेना. मी टिपण तयार केले. ‘कार्यभाराच्या प्रमाणात एक अध्यापक अतिरिक्त ठरतो’, असे वाक्य त्यात होते. वाक्य नियमाला धरून होते, आकडे बरोबर होते, मी सही केली. त्याच डिसेंबरात नातवंडांबरोबर १९८४ चा हा चित्रपट पाहत होतो. टिम मरेल काय, असे स्क्रूज काकुळतीने विचारतो आणि आत्मा त्याला त्याचाच ‘अतिरिक्त लोकसंख्या’ हा शब्द परत करतो, तो प्रसंग आला. अतिरिक्त म्हणजे कोण, तो राहतो कोठे, हे ठाऊक नसेल तर हा शब्द उच्चारू नये, असे डिकन्सने त्या आत्म्याकडून वदवले आहे. माल्थस मी तीस वर्षे शिकवला होता, आणि तो शब्द माझ्याच हस्ताक्षरात होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाच्या खोलीवर गेलो. तो कोठे राहतो हे मला लिपिकाला विचारावे लागले. पुढचे काही महिने निभावावेत म्हणून मी थोडे पैसे देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. तो म्हणाला, “सर, पैसे नकोत. तेवढे टिपण मागे घेता येते का, बघा.” टिपण वर गेले होते, ते मागे आले नाही. तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या मोर्चात मी पहिल्यांदा चाललो तो त्यानंतर, म्हणजे उशिराच. आज मी जे तासभर बोललो, ते त्याने एका वाक्यात सांगितले होते.

आपापल्या शाखांत १९५१ चा आणि १९८४ चा हे दोन चित्रपट लागोपाठ दाखवावेत, अशी माझी सूचना आहे. दाखवून झाल्यावर लोकांना रडू आले की नाही हे विचारू नका. स्क्रूजचा पैसा आला कोठून, हे विचारा. मग आपल्या गावातल्या पैशाविषयीही तोच प्रश्न विचारा, आणि आपल्यापैकी ज्यांच्या हाती सहीचा अधिकार आहे, त्यांनी आपल्या टिपणांतले शब्द पुन्हा एकदा वाचून पाहावेत.